रात्री साडेनऊची बँडविड्थ

कल्याण स्टेशन सोडलं की मध्य रेल्वेचे दोन फाटे होतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत कर्जतकडे. या दुसऱ्या फाट्यावर १८५६ साली खोपोलीपर्यंत गाडी धावू लागली. एवढ्या जुन्या मार्गावर कल्याणच्या पुढे जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक, अशा दोनच मार्गिका राहिल्या. त्यांच्यावरून पुण्याकडच्या एक्सप्रेस जातात, मालगाड्या जातात आणि अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, खोपोलीच्या लोकलही जातात. एक्सप्रेसला वाट द्यायची म्हणून लोकल उभी राहते तेव्हा डब्यातल्या माणसाला दोन गोष्टी कळतात. रूळ कमी आहेत, आणि कोणी थांबायचं हे कुठेतरी कोणीतरी ठरवलेलं आहे.

मार्च २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एमयूटीपी ३-अ या मुंबईच्या शहरी रेल्वे प्रकल्पाला मंजुरी दिली. कल्याण ते बदलापूर या सुमारे १४ किलोमीटरच्या टप्प्यावर तिसरी आणि चौथी मार्गिका टाकण्याचं काम त्यातलंच. म्हणजे गर्दीवर दोन उपाय असतात. रूळ वाढवायचे, किंवा आहे त्या रुळांवर आधी कोण आणि मागून कोण हे नीट ठरवायचं. दुसऱ्या उपायाने एकही जादा गाडी धावत नाही. तरीही तो चुकला तर पहिल्या उपायाचा पैसा वाया जातो, आणि तो साधला तर नवे रूळ येईपर्यंतचे दिवस सुसह्य होतात.

आजचा विषय हाच प्रश्न इंटरनेटच्या तारेत कसा सोडवतात, हा आहे. तांत्रिक भाषेत त्याला ट्रॅफिक शेपिंग म्हणतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत मिळून सव्वानऊ लाखांच्या वर होती. त्यानंतर बदलापुरात किती इमारती उभ्या राहिल्या हे या सभागृहातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. यातल्या कितीतरी घरांत इंटरनेट येतं ते गल्लीतल्या केबलवाल्याकडून. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी छपरांवरून टीव्हीची केबल ओढली, त्यांच्यातल्याच अनेकांनी पुढे फायबर ओढली. मोठ्या कंपनीकडून घाऊक बँडविड्थ घ्यायची आणि सोसायट्यांमध्ये किरकोळ विकायची, असा हा धंदा आहे. त्यात रात्री साडेनऊला काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

स्मृतिव्याख्यानात गेलेल्यांची आठवण काढायची असते. या विषयात पहिली आठवण अ‍ॅग्नर क्रारुप एर्लांग यांची. हे डॅनिश गणितज्ञ १९०८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाले. रस्त्याखालच्या केबलमधला विद्युतप्रवाह मोजायला ते स्वतः शहरभर फिरत, आणि मॅनहोलमध्ये उतरण्यासाठी शिडी घेतलेला कामगार त्यांच्यासोबत असे. त्यांच्यापुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. एक्स्चेंजला हजार ग्राहक असतील तर लाइनी किती टाकाव्यात? हजार टाकल्या तर कंपनी बुडेल. दहा टाकल्या तर ग्राहक वैतागेल. १९०९ आणि १९१७ च्या निबंधांतून त्यांनी दाखवलं की सगळे एकाच वेळी बोलत नाहीत, आणि किती जण एका वेळी बोलतील याचा अंदाज गणिताने बांधता येतो. १९२९ मध्ये ते वारले. १९४६ पासून दूरसंचार वाहतुकीच्या एककाला त्यांचं नाव आहे.

केबलवाल्याचा धंदा उभा आहे तो एर्लांग यांच्या या गणितावरच. समजा, एखाद्याने १ जीबीपीएसची, म्हणजे १००० एमबीपीएसची लाइन घेतली आणि ३०० घरांना १०० एमबीपीएसचा प्लॅन विकला. विकलेली बेरीज झाली ३०,००० एमबीपीएस. हातात आहेत १०००. ऐकणाऱ्याला ही सरळ फसवणूक वाटते, पण ती फसवणूक नाही. दुपारी तीन वाजता त्या ३०० घरांपैकी बरीचशी गप्प असतात. रात्री शंभर घरांत एचडी व्हिडिओ चालू झाला आणि प्रत्येकाला ५ एमबीपीएस लागले, तरी ५०० एमबीपीएसमध्ये भागतं. उरलेल्या निम्म्यात कोणी मोठी फाइल उतरवली तर त्याला क्षणभर पूर्ण १०० एमबीपीएस मिळतात, आणि त्याचं काम लवकर संपून जागा मोकळी होते. वाटून वापरल्यामुळेच हा प्लॅन मध्यमवर्गाला परवडतो. प्रत्येकाला स्वतंत्र, राखीव १०० एमबीपीएस द्यायचे तर त्याला लीज्ड लाइनच घ्यावी लागेल, आणि तिचं बिल घरगुती खर्चात बसणारं नाही.

फसवणूक सुरू होते ती दुसरीकडे, म्हणजे ‘१०० एमबीपीएस गॅरंटीड’ असं लिहिलं जातं तेव्हा. हमीची बेरीज लाइनच्या क्षमतेपेक्षा जास्त होऊच शकत नाही. वरच्या उदाहरणात १००० भागिले ३०० केलं की जेमतेम ३.३ येतात. प्रामाणिक हमी द्यायची तर प्रत्येक घराला ३ एमबीपीएसची देता येईल आणि १०० एमबीपीएस हाताशी राहतील. बाकी सगळं ‘मोकळं असेल तर मिळेल’ या सदरात जातं. जाहिरातीत मोठा आकडा छापला जातो तो कमाल मर्यादेचा. हमीचा लहान आकडा ग्राहकाला सांगितला जात नाही. हा दुसरा आकडा ग्राहकाला कळला पाहिजे, असं प्रस्तुत व्याख्यात्याचं ठाम मत आहे. या व्याख्यानात बाकी जे काही येईल ते या मताच्या पुष्टीसाठीच.

हे दोन आकडे आधुनिक राउटरमध्ये खरोखरच वेगवेगळे लिहावे लागतात. लिनक्समध्ये मार्टिन देवेरा या चेक प्रोग्रामरने बनवलेली एचटीबी नावाची व्यवस्था आहे. तिच्यात प्रत्येक ग्राहकासाठी किंवा प्रत्येक प्रकारच्या वाहतुकीसाठी एक ‘रेट’ आणि एक ‘सीलिंग’ द्यायचं असतं. रेट म्हणजे काहीही झालं तरी मिळणारा वाटा. सीलिंग म्हणजे शेजाऱ्याचा वाटा रिकामा पडला असेल तर उसना घेऊन जिथपर्यंत जाता येईल ती मर्यादा. भारतातल्या लहान इंटरनेट पुरवठादारांकडे मोठ्या प्रमाणावर दिसणारे मायक्रोटिक या लॅटव्हियन कंपनीचे राउटर हीच पद्धत वापरतात. तिथे या दोन आकड्यांची नावं ‘लिमिट-अ‍ॅट’ आणि ‘मॅक्स-लिमिट’ अशी आहेत. अनेक ठिकाणी मॅक्स-लिमिट काळजीपूर्वक भरलेली असते, कारण प्लॅन तिच्यावर विकला जातो, आणि लिमिट-अ‍ॅटच्या रकान्यात शून्य असतं. शून्य म्हणजे हमी नाही. गर्दी झाली की मग ज्याचा मोबाइल आणि टीव्ही जास्त कनेक्शन उघडतो, त्याची सरशी.

वेग आवळण्याची मूळ कल्पना १९८६ मधली आहे. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जोनाथन टर्नर यांनी ‘लीकी बकेट’ मांडली. तिच्या जवळची, आज जास्त वापरात असलेली पद्धत म्हणजे ‘टोकन बकेट’. राउटर ठरलेल्या गतीने टोकनं जमा करत जातो. पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा गठ्ठा, पुढे पाठवायचं तर त्याच्या आकाराइतकी टोकनं खर्च करावी लागतात. टोकनं संपली तर पॅकेट थांबतं. ग्राहक काही वेळ शांत असेल तर टोकनं साठतात आणि पुढच्या क्षणी तो थोडा वेळ ठरलेल्या गतीपेक्षा जोरात जाऊ शकतो. वेबपेज पटकन उघडतं आणि तासभराचं डाउनलोड मात्र प्लॅनच्या गतीने चालतं, ते यामुळे. पॅकेट थांबवून ठेवलं तर ते शेपिंग. थांबवण्याऐवजी सरळ फेकून दिलं तर त्याला पोलिसिंग म्हणतात. पोलिसिंग राउटरला सोपं जातं, कारण पॅकेट साठवायला जागा लागत नाही, पण फेकलेली पॅकेटं पुन्हा पाठवावी लागतात आणि ग्राहकाला धक्के जाणवतात.

पुन्हा पाठवण्याचा हा प्रकार हाताबाहेर गेला की काय होतं, ते ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत दिसलं. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कले संकुल यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचं अंतर. तिथल्या जोडणीचा वेग ३२,००० बिट प्रति सेकंदावरून ४० बिट प्रति सेकंदावर घसरला. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. रांगा भरल्या, पॅकेटं हरवली, प्रत्येक संगणकाने हरवलेली पॅकेटं पुन्हा पाठवली, त्यामुळे रांगा आणखी भरल्या. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी यातून टीसीपी या डेटा पाठवण्याच्या नियमावलीत सुधारणा केली. पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्याने आपला वेग कमी करायचा, मग हळूहळू वाढवत न्यायचा. जेकबसन यांनी १९८८ मध्ये हे प्रसिद्ध केलं. आज बदलापुरातल्या फोनपासून परदेशातल्या सर्व्हरपर्यंत सगळे हा संयम पाळतात. इंटरनेट चालू राहिलं त्यात या स्वेच्छेच्या संयमाचा वाटा फार मोठा आहे.

पण या पद्धतीत एक गोष्ट गृहीत आहे. रांग भरली की पॅकेट गळेल, आणि ते गळाल्यामुळे पाठवणाऱ्याला गर्दी कळेल. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि उपकरणं बनवणाऱ्यांनी रांगा लांब करून टाकल्या. पॅकेट गळणं वाईट, म्हणून कधीच गळू द्यायचं नाही, असा हा विचार. त्याची किंमत मोजली ती घराघरांनी.

बदलापूरच्या मांजर्लीत किंवा अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरात राहणारं एखादं कुटुंब डोळ्यांपुढे आणावं. वडील घरून काम करतात आणि व्हिडिओ मीटिंगमध्ये आहेत. मुलगी लग्नाला जाऊन आली, तिच्या फोनमधले शेकडो फोटो क्लाउडवर चढायला लागले. प्लॅनमध्ये अपलोड १० एमबीपीएस. लिनक्सवर चालणाऱ्या उपकरणांत वर्षानुवर्षं रांगेची नेहमीची लांबी १००० पॅकेट असे. एक पूर्ण पॅकेट १५०० बाइटचं. हजार पॅकेटं म्हणजे १ कोटी २० लाख बिट, आणि १० एमबीपीएसच्या लाइनवर ती बाहेर पडायला १.२ सेकंद लागतात. वडिलांच्या आवाजाचं प्रत्येक पॅकेट फोटोंच्या मागे सव्वा सेकंद उभं राहतं. दूरध्वनीवरच्या संभाषणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने सांगितलेली एका दिशेच्या विलंबाची चांगली मर्यादा १५० मिलिसेकंद आहे. इथे विलंब तिच्या आठपट. माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात, कोणीतरी ‘तुमचा आवाज तुटतोय’ म्हणतं, आणि वडील दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला फोन करून २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतात. वाढतो तो डाउनलोड. अपलोड तेवढाच राहिला तर दुखणंही तिथेच राहतं.

या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव रुळलं ते जिम गेटीस यांच्यामुळे. २०१० च्या सुमारास त्यांना ते स्वतःच्या घरच्या राउटरमध्ये सापडलं आणि मग जिथे पाहावं तिथे दिसू लागलं.

या हिशेबात आवाजाची भूक किती कमी आहे, हे विशेष पाहण्यासारखं आहे. जुन्या जी.७११ पद्धतीने आवाज पाठवला तर सेकंदाला ५० पॅकेटं जातात, प्रत्येक साधारण २०० बाइटचं. म्हणजे ८० केबीपीएस. १० एमबीपीएस अपलोडच्या शंभराव्या भागाहूनही कमी. संभाषणाला बँडविड्थ जास्त नको असते, वेळेवर सुटका हवी असते. फोटोंचं नेमकं उलट. ते दहा मिनिटं उशिरा चढले तर कोणाचंच बिघडत नाही. ट्रॅफिक शेपिंगचा सगळा फायदा या फरकात आहे. ज्याला घाई आहे पण जागा थोडी लागते, त्याला पुढे जाऊ दिलं तर मागच्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग पुढे कोणाला सोडायचं, हे राउटरला कसं कळावं? पहिला मार्ग शिक्क्याचा. डिसेंबर १९९८ मध्ये इंटरनेटच्या मानकांत ‘डिफसर्व्ह’ पद्धत आली. प्रत्येक पॅकेटवर ६ बिटांचा शिक्का, त्यात आवाजासाठी बहुधा ४६ हा आकडा. कचेरीच्या आत, एकाच मालकाच्या जाळ्यात ही पद्धत उत्तम चालते. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्यात यंत्रांवर नजर ठेवणारी प्रणाली, कचेरीतले फोन आणि सीसीटीव्ही एकाच लाइनवर असतील तर मालकाने शिक्के ठरवावेत आणि पाळावेत. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातल्या दुकानात कॅमेऱ्याचं चित्रण दिवसभर क्लाउडवर चढत असेल आणि गल्ल्यावरचं कार्ड मशीन त्याच वायफायवर अडकत असेल, तर कॅमेऱ्याला सीलिंग लावावं आणि मशीनला थोडासा राखीव वाटा द्यावा. पण खुल्या इंटरनेटवर शिक्क्याला मान नाही. कोणीही स्वतःच्या पॅकेटवर ४६ मारू शकतो, म्हणून बहुतेक पुरवठादार बाहेरून आलेले शिक्के सरळ पुसून टाकतात.

शिक्क्याला खरा मान मिळतो तो मोबाइलच्या जाळ्यात, आणि ते जाळं प्रत्येकाच्या खिशात आहे. ४जीवरचा साधा कॉल, म्हणजे व्होल्टी, वेगळ्या वर्गातून नेला जातो. त्या वर्गाचा क्रमांक १, त्याला ठरावीक गतीची हमी, आणि फोनपासून जाळ्यापर्यंतच्या विलंबासाठी १०० मिलिसेकंदांची मर्यादा. बाकीचा डेटा, त्यात व्हॉट्सअ‍ॅपवरचा कॉलही आला, सहसा शेवटच्या ९व्या वर्गात जातो आणि त्याला हमी नसते. संध्याकाळी गच्च भरलेल्या फलाटावर साधा कॉल स्वच्छ ऐकू येतो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा तुटतो, याचं एक मोठं कारण हे आहे. दोन्ही कॉलमधला आवाज तोच, टॉवरही तोच. फरक आहे तो हमीचा.

इथे प्रश्न तांत्रिक राहत नाही. कंपनी स्वतःच्या कॉलला हमी देते आणि दुसऱ्याच्या अ‍ॅपला देत नाही, हे योग्य आहे का? व्याख्यात्याच्या मते आवाजाच्या मूळ सेवेपुरतं ते योग्य आहे, कारण ११२ वरचा मदतीचा कॉलही त्याच सेवेतून जातो. पण हाच न्याय व्हिडिओला लावला, पैसे देणाऱ्या संकेतस्थळाला पुढे सोडलं आणि न देणाऱ्याला मागे ठेवलं, तर लहान माणसाला आवाज उरणार नाही. एप्रिल २०१५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाकडे अशा भेदभावाविरुद्ध दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारायला बंदी घातली. ११ जुलै २०१८ रोजी दूरसंचार आयोगाने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं स्वीकारली. मजकूर अडवणं, त्याचा वेग कमी करणं, एखाद्याला खास वेग देणं, हे सगळं त्यात निषिद्ध ठरलं. वाहतुकीचं वाजवी व्यवस्थापन मात्र चालेल, पण ते प्रमाणात हवं, तात्पुरतं हवं आणि ग्राहकाला सांगून केलेलं हवं.

या तत्त्वांतून कंटेंट डिलिव्हरी नेटवर्कना वगळलं आहे, आणि त्याचा परिणाम आपल्या गल्लीपर्यंत येतो. मोठ्या व्हिडिओ कंपन्यांची साठवणयंत्रं पुरवठादारांच्या जवळ बसवलेली असतात. त्यांचा व्हिडिओ जवळून येतो, म्हणून घाऊक लाइनवर भार पडत नाही. एखाद्या लहान मराठी संकेतस्थळाचं पान मात्र लांबच्या सर्व्हरवरून, गर्दीच्या लाइनवरून येतं. कोणी कोणाला अडवलं नाही, तरी वेगात फरक पडला. या बाबतीत कायद्याने आणखी विचार करायला हवा.

सगळ्यांनी मिळून आपणहून मागे सरकण्याचं एक उदाहरणही जवळचंच आहे. मार्च २०२० मध्ये देश बंद झाला आणि मुंबईला जाणारी माणसं घरून काम करू लागली. मुलांचे वर्गही लवकरच फोनवर आले. २४ मार्चला भारतातल्या प्रमुख व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल जाळ्यांवर एचडी बंद करून ४८० ओळींपर्यंतचंच चित्र द्यायचं ठरवलं. युरोपातही त्याच्या काही दिवस आधी असंच पाऊल उचललं गेलं होतं. राउटरने वर्गवारी करण्याआधी पाठवणाऱ्यानेच आपली मागणी कमी केली.

आता दुसऱ्या मार्गाकडे. तो या व्याख्यानात सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यात कोणाच्या पॅकेटवर शिक्का पाहावा लागत नाही आणि आत डोकावावंही लागत नाही. आज बहुतेक वाहतूक एन्क्रिप्टेड असते, म्हणून डोकावून फार काही कळतही नाही.

१९८५ मध्ये जॉन नेगल यांनी सुचवलं की सगळ्यांची एकच रांग न करता प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग करावी आणि राउटरने आळीपाळीने प्रत्येक रांगेतून एकेक पॅकेट उचलावं. १९८९ मध्ये अ‍ॅलन डिमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी त्याला पक्कं गणित दिलं. रांगेची लांबी काबूत ठेवण्याचं काम दुसऱ्या बाजूने चाललं होतं. १९९३ मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी रांग पूर्ण भरण्याआधीच अधूनमधून एखादं पॅकेट गाळून पाठवणाऱ्याला सावध करण्याची रीत मांडली. फ्लॉइड २०१९ मध्ये गेल्या. इंटरनेटची गर्दी हाच त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा विषय होता. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी ‘कोडेल’ आणली. तिने रांगेची लांबी मोजणं सोडून दिलं आणि पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं तेवढंच मोजलं. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत प्रत्येक पॅकेटला ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागत असेल, तर रांग साचली आहे असं समजायचं आणि पॅकेट गाळायला सुरुवात करायची.

या दोन धाग्यांची गाठ म्हणजे एफक्यू-कोडेल. जानेवारी २०१८ मध्ये ती इंटरनेटच्या दस्तऐवजांत नोंदली गेली. तिच्यात सहसा १०२४ रांगा असतात आणि प्रत्येक संवाद आपापल्या रांगेत पडतो. ज्या रांगेत पॅकेटं तुरळक येतात तिला आधी संधी मिळते. आवाजाची रांग स्वभावतःच तुरळक, फोटोंची गच्च. कोणी काही जाहीर केलं नाही, कोणी पैसे भरले नाहीत, कोणी आत पाहिलं नाही, तरी आवाज पुढे गेला. व्हॉट्सअ‍ॅप असो, शाळेचा वर्ग असो की गल्ल्यावरचं कार्ड मशीन, सगळ्यांना एकच न्याय. नेट न्यूट्रॅलिटीच्या तत्त्वाला आणि मीटिंगमधल्या वडिलांच्या गरजेला एकाच वेळी पुरेल असं उत्तर अभियंत्यांनी शोधलं, याचं मोल फार आहे. डेव्ह टाट यांनी या कामासाठी वर्षानुवर्षं झटून घरगुती राउटरमध्ये ते उतरवलं. एप्रिल २०२५ मध्ये ते वारले. लहान पुरवठादारांना हेच तंत्र हजारो ग्राहकांवर लावता यावं म्हणून बनलेल्या लिब्रेक्यूओएस या मुक्त प्रणालीमागेही ते होते.

एक अट मात्र पाळावी लागते. रांग आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये साचली पाहिजे. लाइन १० एमबीपीएसची असेल आणि राउटर १० नेच पाठवत असेल, तर रांग पुढच्या कुठल्यातरी डब्यात जाऊन साचते आणि तिथे आपली सत्ता चालत नाही. म्हणून वेग मुद्दाम थोडा कमी, साधारण ९० ते ९५ टक्क्यांवर बांधतात. पाच-दहा टक्के सोडून दिले की सव्वा सेकंदाचा विलंब काही मिलिसेकंदांवर येतो. ग्राहकाला हा सौदा पटवणं अवघड जातं, कारण स्पीडटेस्टचा आकडा किंचित घटतो.

कायद्याने हमीच्या आकड्याचा विचार केलाच नाही असं नाही. एकाच बँडविड्थवर किती ग्राहक बसवायचे याचं प्रमाण ट्रायने २००९ मध्ये ठरवून दिलं होतं, घरगुती ग्राहकांसाठी १:५० आणि व्यावसायिकांसाठी १:३०. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने सांगितलं की ठरलेला डेटा संपल्यावर ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही. ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी लागणारा किमान वेग २००४ मध्ये २५६ केबीपीएस होता, २०१३ मध्ये ५१२ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. हे सगळे वाट्याचे आणि किमान वेगाचे आकडे आहेत. रांगेत किती वेळ थांबावं लागतं, हा आकडा आजही प्लॅनच्या पानावर छापलेला दिसत नाही.

आणि काही प्रसंगी प्राधान्य सरळ वरून ठरवावंच लागतं. २६ जुलै २०१९ च्या रात्री कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल, हवाई दल, रेल्वे आणि आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून सुमारे १०५० प्रवाशांना बाहेर काढलं. अशा वेळी एकाच टॉवरवर घरच्यांचे फोन, बातम्यांचे व्हिडिओ आणि बचाव पथकांचे निरोप एकत्र येऊन पडतात. एफक्यू-कोडेलच्या समान न्यायाने तिथे भागत नाही. बचाव पथकाच्या निरोपाने इतरांना बाजूला सारूनच जायला हवं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या २०व्या कलमात हे आलं आहे. सार्वजनिक आणीबाणीत मदतकार्यासाठी अधिकृत केलेल्या माणसांचे संदेश अग्रक्रमाने पोहोचवण्याची व्यवस्था सरकार करू शकतं. उल्हास नदीकाठच्या या पट्ट्यात २६ जुलै २००५ च्या महापुराची आठवण असलेले लोक पुष्कळ आहेत, त्यांना या कलमाची गरज पटेल. ते प्रत्यक्ष टॉवरवर कसं चालतं, त्याची तालीम दर पावसाळ्याआधी व्हायला हवी.

बाकी दिवसांसाठी काम छोटं आहे. रात्री साडेनऊला घरच्या संगणकावर पिंग, म्हणजे उत्तराचा वेळ मोजणारी आज्ञा, चालू ठेवावं आणि त्याच वेळी एखादी मोठी फाइल चढवायला लावावी. एरवी १० मिलिसेकंदांत येणारं उत्तर ३०-४० वर गेलं तर ठीक आहे. ते ५०० किंवा १००० वर गेलं तर रांग साचते आहे, आणि महागडा प्लॅन घेण्याआधी राउटर तपासावा. सोसायटीने पुरवठादाराशी करार करताना कमाल वेगाच्या शेजारी हमीचा वेग आणि भरलेल्या लाइनवरचा विलंब असे दोन रकाने मागावेत. पुरवठादाराला त्यासाठी नवी यंत्रं घ्यावी लागतीलच असं नाही. मायक्रोटिकच्या राउटरओएसच्या ७व्या आवृत्तीत एफक्यू-कोडेल आणि तिच्या पुढची ‘केक’ या दोन्ही रांगा आलेल्या आहेत. फक्त जुनी आवृत्ती बदलावी लागते, लिमिट-अ‍ॅटचं शून्य खोडून तिथे खरा आकडा लिहावा लागतो, आणि रांगेचा प्रकार निवडावा लागतो.